गाडीचे पाय बदलताना

बंगळूरच्या फूटपाथवर ठेचकाळणाऱ्या माणसाकडे कोणी वळूनसुद्धा बघत नाही. लाद्या वर आलेल्या असतात, मधेच एखादी गायब असते, झाडांनी मुळं कुठूनही बाहेर काढलेली असतात. त्यामुळे माझी बायको मल्लेश्वरमच्या बाजारात पहिल्यांदा अडखळली तेव्हा आम्ही दोघांनी मिळून फूटपाथला शिव्या घातल्या. पुढच्या खेपेलाही घातल्या. मग तिनं चपला बदलल्या, चष्म्याचा नंबर तपासून घेतला. ती कॉलेजात गणित शिकवते. फळ्यावरच्या तुमच्या ओळी हल्ली वर चढत जातात, असं मुलींनी तिला सांगितलं, तेव्हा खांदा आखडलाय असं तिनं घरी येऊन मला सांगितलं. मी ते लगेच मान्य केलं आणि खांद्याला लावायचं मलम घेऊन आलो.

या सगळ्यामागे तिची आई होती. बायकोचं माहेर निपाणीकडचं. तिची आई पन्नाशी ओलांडल्यावर घरात भिंतीला हात लावून चालायला लागली. पुढे ती बसल्या बसल्या एका अंगाला कलायची, आणि शेवटची वर्षं तर अंथरुणातच गेली. घरचे लोक आधी अशक्तपणा म्हणाले, मग वय म्हणाले. मेंदूतला तोल सांभाळणारा भाग झिजत चाललाय, हे डॉक्टरांनी सांगितलं तोवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे पुढच्या पिढीत उतरू शकतं, असंही ते जाता जाता बोलून गेले. ते वाक्य माझ्या बायकोनं लग्नाआधीच मला सांगितलं होतं, आणि नंतर त्याचा विषय आमच्या घरात कधी निघाला नाही.

आता ती स्वतः त्या वयाला आली होती. आम्हाला दोघांना एकच गोष्ट हवी होती. तिच्या अडखळण्याचं कारण तिच्या बाहेर कुठेतरी सापडायला हवं होतं.

ते सापडलं, आमच्या गाडीत.

गाडी म्हणजे मोटरहोम. मूळची ती एका शाळेची मिनीबस. बाक काढून आम्ही तिच्यात पलंग, गॅसची शेगडी, छोटं सिंक आणि त्याहून छोटा संडास बसवून घेतला होता. मूलबाळ नाही, सुट्ट्या भरपूर, आणि हॉटेलातल्या उशांचा मला मनापासून तिटकारा. सोसायटीच्या कमिटीनं ‘ही बस’ आत घ्यायला साफ नकार दिला, म्हणून ती आनेकलच्या बाजूला ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या मोकळ्या जागेत उभी असायची. सुट्टी आली की आम्ही आधी रिक्षा, मग बस, मग पायपीट करून स्वतःच्याच गाडीपर्यंत जायचो. याला लोक हसायचे. हसू देत, म्हणायचो.

मोटरहोम कुठंही उभं केलं की आधी ते समपातळीत आणावं लागतं. तळ्याकाठी, शेतात, देवळामागच्या मैदानात जमीन कधीच सपाट नसते. गाडी कललेली राहिली तर झोपल्यावर डोकं जड होतं, सिंकमधलं पाणी जात नाही, कपाटाची दारं आपली आपण उघडतात. म्हणून गाडीखाली चार कोपऱ्यांना चार पाय बसवतात. आमचे पाय मोटरवर चालणारे होते. बटण दाबलं की आतल्या पेटीला उतार कळायचा, गाडी ज्या बाजूला खाली असेल तिकडचा पाय जमिनीला टेकून ती बाजू उचलायचा, आणि सगळं सरळ झालं की पेटीवर हिरवा दिवा लागायचा. निदान सोबतच्या पुस्तिकेत तसं म्हटलं होतं.

पहिल्याच सहलीत तिनं तव्यावर डोशाचं पीठ घातलं आणि ती ते पसरवायच्या आत ते स्वतःहून एका कडेला निघालं. हिरवा दिवा मख्खपणे जळत होता.

“पुढनं डावीकडे स्वल्प खाली आहे रे,” ती म्हणाली.

मी नागपूरचा. मला कन्नड अजून भाजीवाल्यापुरतंच येतं. पण ‘स्वल्प’ म्हणजे थोडंसं आणि ‘सरी’ म्हणजे बरोबर, हे दोन शब्द मी तिच्याकडून संसारात इतक्यांदा ऐकलेत की आता ते मला मराठीच वाटतात. मी खाली उतरलो, पुढचा डावा पाय हाताच्या बटणानं थोडा वाढवला, आणि खात्री करायला फरशीवर पाणसळ ठेवली. गवंडी भिंत बांधताना लावतात ती, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी. बुडबुडा बरोबर मधे होता. पेटीपेक्षा तिच्या तळपायांना जास्त कळत होतं.

त्यानंतर आमची पद्धतच पडून गेली. गाडी उभी केली की मी बटणं घेऊन बाहेर, आणि ती आत, फरशीच्या मधोमध, अनवाणी, डोळे मिटून. “डावीकडे. अजून स्वल्प. आता मागं. हां, सरी.” सुरुवातीला मी पाणसळ लावून तिची परीक्षा घ्यायचो आणि दर वेळी हरायचो. तुझे आईबाप चुकले, तुला गवंड्याच्या हाताखाली घालायला हवं होतं, असं मी तिला चिडवायचो. ती म्हणायची, मग निदान नवऱ्यानं वेळेवर डबा तरी आणून दिला असता. पुढे मी पाणसळ काढणंच सोडून दिलं. ती अवजारांच्या पेटीत तळाला गेली. ती होती एवढंही आम्ही विसरलो.

दिव्याची पेटी मात्र सुधारली नाही. कधी हिरवा दिवा लागून गाडी वाकडीच असायची, कधी निघताना मागचा एक पाय वर यायलाच तयार नसायचा आणि मला चिखलात आडवं होऊन त्याची मनधरणी करावी लागायची. ज्यांनी ती यंत्रणा विकली होती त्यांना फोन केला की पलीकडचा मुलगा अत्यंत गोड आवाजात म्हणायचा, “सर, एकदा बंद करून परत चालू करा.” एकदा मी त्याला म्हटलं, बाबा रे, मी स्वतःलाच बंद करून परत चालू करायच्या बेतात आहे. तो म्हणाला, “ओके सर.”

मग ती सांगायला लागली की गाडीचे पाय खाली बसताहेत. आम्ही गाडी सरळ करायचो, ती ‘सरी’ म्हणायची, मी आत येऊन जरा टेकतो न टेकतो तोच ती म्हणायची, “डावीकडे बसला बघ परत.” मी उठायचो, बाहेर जायचो, पाय वाढवायचो. थोड्या वेळानं पुन्हा तेच. त्या यंत्रणेचा लौकिकच असा होता की मला शंका यायचं काही कारण नव्हतं. जो दिवा एवढा खोटं बोलतो त्याचा पाय हळूहळू खाली बसणारच. मला तसं काही जाणवायचं नाही, पण गाडीच्या बाबतीत माझ्या जाणवण्याला कधीच किंमत नव्हती. किंमत तिच्या पायांना होती.

कावेरीच्या काठी एका सकाळी ती पलंगावरून उठून सिंककडे निघाली आणि पडली. कपाळ कपाटाच्या कडेवर आपटलं. मी धावलो. कपाळावरून रक्त येत होतं, आणि ती फरशीवर बसल्या बसल्या माझ्याकडे बघून म्हणाली, “गाडी कलली रे.”

“हो,” मी म्हटलं, “कललीच.”

तेव्हा मला हायसं वाटलं. बायकोच्या कपाळाला कापूस लावून बसलेल्या माणसाला हायसं वाटावं हे विचित्र आहे, पण तसं झालं खरं.

घरी परतल्यावर, जखम भरत आल्यावर, मी एकदाच म्हटलं की आपण कोणाला तरी दाखवून येऊ. कोणाला ते मी म्हटलं नाही. ती चपात्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, “आधी गाडीचे पाय बदल. नव्या पायांवर पण तोल गेला, तर मग जाऊ.”

“आणि नाही गेला तर?”

“तर मग कशाला जायचं?”

गणिताच्या बाईंनी मांडलेलं गणित होतं. त्यात चूक काढायला जागा नव्हती, आणि मला काढायचीही नव्हती. गाडीचे पाय बदलणं हे त्या दिवसापासून माझ्यासाठी गाडीचं काम राहिलं नाही.

आनेकलला गाड्यांची बॉडी बांधणारा एक वर्कशॉपवाला होता. आमच्या मिनीबसचं आतलं काम त्यानंच केलेलं. बायको त्याला अण्णा म्हणायची आणि त्याच्याशी कन्नडमध्ये असं काही बोलायची की तो माझ्याकडे बघून हसायचा. मी त्याला सांगितलं, मोटर नको, पेटी नको, दिवा नको. हातानं फिरवायचे साधे पेचाचे पाय बसव, ज्यात बिघडण्यासारखं काही नसेल. तो म्हणाला की तसे पाय तयार मिळणार नाहीत, पण इथल्या, बंगळूरच्याच शिवाजीनगरला जुन्या ट्रकांचे जॅक मिळतात, ते आणा, मी बसवून देतो.

शिवाजीनगरला ती माझ्याबरोबर आली. मी नको म्हणत होतो. तिथल्या गल्ल्यांत दुकानांपेक्षा दुकानांचा माल जास्त बाहेर असतो. गिअर, स्प्रिंगा, दिवे, अख्खी इंजिनं रस्त्यावर मांडलेली, आणि त्यातून हातगाड्या, स्कूटर, माणसं. ती सबंध वेळ माझा दंड धरून चालत होती. “गर्दी आहे ना,” ती म्हणाली. मी म्हटलं, हो, फार गर्दी आहे. आम्ही चहा प्यायला एका छोट्या हॉटेलात शिरलो. तिथं मोकळं होतं, टेबलं दूर दूर होती, तरी तिनं खुर्चीत बसेपर्यंत दंड सोडला नाही. मी तिला बसवलं आणि चहाबरोबर सामोसे मागवले. ते कोणीच खाल्ले नाहीत.

जॅक चांगले मिळाले. जाड पेच, रुंद बूड, वर फिरवायला हँडल. दुकानदारानं एक हातात उचलून धरला आणि हिंदीत म्हणाला की हा तुमच्या नातवाला पण पुरेल. नातू नाही, हे त्याला सांगायची काही गरज नव्हती.

जुने पाय काढायला अण्णाला वाटलं त्यापेक्षा जास्त त्रास झाला. बोल्ट गंजून एकजीव झालेले. शेवटी ते कापून काढावे लागले. ठिणग्या उडत होत्या, आणि मी बाजूला स्टुलावर बसून बघत होतो. पेटी निघाली तेव्हा तिच्यामागून वायरींचा एक झुबका बाहेर आला. अण्णानं तो पेटीसकट एका पोत्यात भरला आणि विचारलं, ठेवायचं का? मी म्हटलं, फेकून दे. एवढा राग मला कोणत्याच निर्जीव वस्तूचा आला नसेल. त्या पेटीवर मी तिचं अडखळणं, तिच्या कपाळावरची खूण, फळ्यावरच्या वाकड्या ओळी, सगळं लादलं होतं, आणि ती जाताना हे सगळं बरोबर घेऊन जाईल असं मला खरोखर वाटत होतं.

नवे पाय बसले. अण्णानं सगळे खाली सोडून गाडीला बाजूनं जोरात धक्का मारून दाखवला. गाडी हलली नाही.

“सर, अब ये नहीं बैठेगा,” तो म्हणाला. “पेच है. अपने आप घूमेगा नहीं. ट्रक खड़ा कर दो इसके ऊपर.”

मी त्याचे आभार मानले. मला आनंद व्हायला हवा होता. पण आता कशाकडेच बोट दाखवता येणार नव्हतं. ती वाईट पेटी किती कामाची होती, हे ती पोत्यात गेल्यावर मला कळलं.

ती दुपारी येणार होती, कॉलेज आटपून. आभाळ भरून आलं होतं, पाऊस पडत नव्हता आणि ऊनही पडत नव्हतं, इथं बरेचदा दिवसच्या दिवस असतं तसं. अण्णा जेवायला घरी गेला. ती यायच्या आत मी अवजारांची पेटी उपसून तळातून पाणसळ शोधून काढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि फरशीवर ठेवली. आधी आडवी, मग उभी. हँडल फिरवून एकेक पाय वरखाली केला. बुडबुडा दोन्हीकडून मधे आला. मी बाहेर जाऊन चहा पिऊन आलो आणि पुन्हा बघितलं. तो तिथंच होता. मग मी पाणसळ परत पेटीत टाकली आणि पेटी मागच्या बाजूला सरकवून ठेवली.

रिक्षातून उतरून ती हळूहळू आवारातून आली. नव्या पायांना तिनं हात लावून बघितला, हँडल फिरवून बघितलं, “गट्टी आहे रे,” म्हणाली, म्हणजे मजबूत आहे. चपला काढल्या. मी तिला हात देऊन आत चढवलं आणि बाहेर पुढच्या डाव्या पायाशी जाऊन उकिडवा बसलो. खिडकी उघडी होती. ती फरशीच्या मधोमध उभी राहिलेली मला दिसत होती, डोळे मिटून.

म्हण, मी मनात म्हणत होतो, सरी म्हण.

“डावीकडे,” ती म्हणाली. “डावीकडे खाली आहे.”

मी हँडल धरून बसून राहिलो.

“अरे, आहेस ना?”

“आहे.”

“डावीकडे स्वल्प खाली आहे बघ. तू पाणसळ लावलीस?”

मी तेव्हा खरं सांगू शकलो असतो. कधीतरी सांगावंच लागणार होतं, डॉक्टर, तपासण्या, सगळं पुढे होतंच. पण मला ती दुपार हवी होती. त्या बाईला तिच्या मनासारखी एक दुपार द्यावी, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

“नाही अजून,” मी म्हटलं. “तू सांग, मी फिरवतो.”

मी पुढचा डावा पाय वाढवला. ती म्हणाली, अजून. मी मागच्या डाव्या पायाशी गेलो, तो वाढवला. ती म्हणाली, “अजून स्वल्प.” मी पुन्हा पुढे आलो. हँडल जड होत चाललं, गाडीची डावी बाजू माझ्या डोळ्यांसमोर उचलली जात होती, आणि आत कपाटातली भांडी एकमेकांवर घसरल्याचा आवाज आला. तिला तो ऐकू आला की नाही, माहीत नाही. मी फिरवत राहिलो.

“हां,” ती म्हणाली. “सरी. सरी, बास!”

मग आत पावलांचा आवाज आला. पलंगापासून सिंकपर्यंत, सिंकपासून पलंगापर्यंत. कपाटाला हात लागल्याचा आवाज नाही, धडपड नाही.

“अरे, बघ की!” ती आतून ओरडली. “चालते आहे मी. कशाला धरायला लागत नाहीय. मी म्हटलं नव्हतं तुला? गाडीच होती!”

तिचा असा आवाज मी खूप दिवसांत ऐकला नव्हता. मी तिथंच मातीत बसून रडलो. गुडघ्यावर हँडल होतं आणि हातांना ग्रीस लागलेलं, त्यामुळे डोळेही पुसता आले नाहीत. बाहीनं कसेबसे पुसले. गाडी बाहेरून उघड उघड उजवीकडे झुकलेली दिसत होती, कोणालाही दिसली असती. अण्णा जेवून परत यायच्या आत तिला इथून बाहेर काढायला हवं, असा काहीतरी विचार माझ्या मनात येऊन गेला.

“आत ये,” ती म्हणाली. “चहा टाकते.”

मी हात चिंधीला पुसले आणि दाराशी आलो. ती फरशीच्या मधे उभी होती. पातेलं शेगडीवर चढवलेलं, पदर खोचलेला, दोन्ही हात मोकळे. हसत होती. पाय थोडे फाकवलेले, पण कुठंही टेकलेली नव्हती. ती सरळ उभी होती.

मी आत पाऊल टाकलं. माझा तोल एकदम पलीकडे गेला आणि मी दाराची चौकट पकडली.

ती हसत होती ती थांबली. तिनं माझ्या हाताकडे बघितलं.

“तू का धरलंयस?”

मी हात सोडला. सहज धरला होता असं दाखवायचं होतं. एक पाऊल पुढे टाकलं, आणि मला हात परत चौकटीवर न्यावा लागला.

ती बघत राहिली, आधी माझ्या हाताकडे, मग माझ्या तोंडाकडे. मी डोळे पुसले होते तरी तिला कळलं असणार, तिच्यापासून मला कधी काही लपवता आलेलं नाही.

“म्हणजे मीच,” ती म्हणाली, आणि तिनं गॅस बंद केला.